हात वर करून ऐकायची गिटार

करोल बागेतलं आमचं गिटार दुरुस्तीचं दुकान एवढंसं, पण किस्से ठेवायला गोदाम लागंल. येणाऱ्या गिटारी बहुतेक सस्त्याच. लोक नाक मुरडतात, मी नाही. लाकूड बरं असतं, आवाज बरा असतो. कंपनी बचत करते ती आत, जिथं गिऱ्हाईक बघत नाही. सगळी भुतं तिथूनच निघतात.

*

सस्ती गिटार स्पीकरला जोडली की घूं करते. तारांना हात लावला की गप होते. आत एक अर्थिंगची वायर असते, तिची ती करामत. म्हणून मालकांचा नियम, घूं तपासताना सगळ्यांनी हात वर करायचे. जागा चिंचोळी, कुणाचा ना कुणाचा हात लागतोच.

एकदा एक हवालदार पोरीची गिटार घेऊन आला, वर्दीतच. कोपर तारांवर. माझं डोकं फिरलं. "हाथ ऊपर!" त्यानं केले की वर. तपासणी झाली, तरी तसाच उभा. आमचे मालक मोहनराव हळूच म्हणले, "अरे यार, आता खाली करू दे त्यांना."

*

गाझियाबादचा एक साहेब म्हणाला, "हिच्यात बाई बोलते." जोडली तर खरंच, लांबून बाईचा आवाज. अंगावर काटा आला. आत तांब्याचा कागद लावलेला नव्हता, कुठलंतरी रेडिओ स्टेशन शिरत होतं. कागद लावला, बाई गेली.

आठ दिवसांत साहेब परत. "कागद काढा. घर सुनं वाटतं."

*

थंडीत एक कॉलेजवाली बोटाला पट्टी बांधून आली. "भैया, ये काटती है." दिल्लीच्या थंडीत सस्तं लाकूड आटतं, पण दांडीवरच्या धातूच्या पट्ट्या आटत नाहीत. कडेनं बाहेर येतात. माणूस आटला की हाडं दिसतात, तशा.

मी कानस मारली. ती म्हणाली, "पण ही फक्त मलाच कापते. भावाला नाही."

*

मग सुनंदाताई आल्या, कोपर्निकस मार्गाकडून. नवरा मागल्या साली गेला. दिवेलागणीला ऑफिसातून आला की आधी गिटार घ्यायचा, मग चहा. आता त्यांना सरकारी क्वार्टर सोडून लेकीकडं पुण्याला जायचं होतं.

"लेक म्हणते, देऊन टाक. पण रोज दिवेलागणीला मी ती चालू करते. घूं करते, मग थोडा वेळ गप होते. कुणी हात लावल्यासारखी. खराबी असेल तर सांगा, इथंच ठेवून जाते. नसेल तर सोबत नेईन."

मी तडकलो. "ताई, लाकूड हाय ते, माणूस नाही." गिटार उघडली. ती अर्थिंगची वायर कंपनीनं जोडलीच नव्हती!

"म्हणजे काय?"

"म्हणजे हिला कुणीही हात लावला तरी ही गप व्हायची नाही." मी ती स्पीकरला लावून तारांवर पंजा ठेवला. घूं तशीच. मोहनरावांनी ठेवला. तशीच.

"चलो, खराबी सापडली," मोहनराव म्हणले.

ताईंनी मान हलवली. "बरं. मग राहू दे इथंच. वायर जोडायच्या आधी एकदा ऐकू द्या."

बाहेर बाजारातले दिवे केव्हाच लागले होते. मोहनराव सवयीनं म्हणले, "हात वर." तिघांनी केले.

घूं थांबली.

स्पीकरचा लाल दिवा चालूच होता. कुणी हात खाली घेईना.

ताई गिटारीकडं बघत म्हणाल्या, "आज उशीर झाला का हो?"