पट्टीवरची फुली

दिनांक १४ मार्च २०२३, मंगळवार. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे झाली होती, तेव्हा काचेचा कारागीर मोटारसायकलवरून आमच्या अंगणात उतरला. त्याच्या पाठीवर जुन्या धोतरात गुंडाळून दोरीने बांधलेले एक ओझे होते. माझ्या गाडीच्या मागच्या काचेभोवतीची स्टीलची पट्टी त्यात होती. निदान तो तसे म्हणत होता.

मी तीस वर्षे सरकारी नोकरीत शेतजमिनी मोजल्या. बांधाचा दगड चालतो, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे. दिवसभर दोघे भाऊ एका ताटात जेवतात आणि पुढच्या मोजणीला दगड हातभर सरकलेला निघतो. विचारावे, तर दोघेही देवाची शपथ घेतात. माझा शपथेवर विश्वास नाही. खुणेवर आहे.

गाडी अँबॅसेडर. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका डॉक्टरांकडून घेतली. अणदूरच्या अलीकडे शेतातल्या घरी ती पत्र्याखाली उभी असते. मागच्या काचेचे रबर लाकडासारखे कडक होऊन भेगाळले होते. पाणी आत मुरत होते आणि काचेखालचा पत्रा गंजून त्याचे पापुद्रे निघत होते. मी हे काम आणखी एखादे वर्ष ढकलले असते. पण फेब्रुवारीच्या सुरुवातीला पत्नीच्या खुब्याची शस्त्रक्रिया सोलापूरला झाली आणि ती तिथेच मुलीकडे राहिली. डॉक्टरांनी बजावले होते की बसताना गुडघे कमरेच्या वर जाता कामा नयेत. मुलीच्या गाडीची बैठक खोल आहे आणि भाड्याच्या जीपची पायरी उंच. आमच्या गाडीची मागची बैठक रुंद असून बरीच उंच आहे. तेव्हा तिला याच गाडीतून आणायचे ठरले. मुलगी आणि जावई गुरुवारी बाहेरगावी जाणार होते. म्हणजे बुधवारी पत्नीला घरी आणणे भाग होते, आणि मंगळवारी सकाळी गाडीला मागची काच नव्हती.

कारागीर तामलवाडीचा. चाळिशीचा, घरची शेती असलेला. हमरस्त्यावर ट्रकच्या काचा बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही, असे लोक सांगतात. तीन आठवड्यांपूर्वी त्याने काच काढली, गंज खरवडला, पत्र्याला तांबडा रंग दिला. काच मी त्याला नेऊ दिली नाही. ती गोधडीत गुंडाळून माझ्या पलंगाखाली ठेवली. पट्टी मात्र चकाकी आणण्यासाठी त्याच्याकडे द्यावी लागली. ही पट्टी केवळ शोभेची नसते. रबराच्या खाचेत बसून ती रबर ताणून धरते. ती नसली किंवा कमअस्सल असली, तर पाणी येणारच.

पट्टीचे दोन तुकडे असतात, डावा आणि उजवा. ती देण्यापूर्वी मी डाव्या तुकड्याच्या खालच्या वळणावर खिळ्याने नखाएवढी फुली कोरली. दर्शनी बाजूने कोरली. आतल्या बाजूने कोरली असती, तर पट्टी रबरात बसल्यानंतर मला ती पुन्हा तपासता आली नसती.

कारागिराने दिलेली मुदत टळून चार दिवस झाले. त्याच सुमारास शेजारचे शेतकरी तंबाखू मळत ओसरीवर येऊन बसले. ते माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत.

“अण्णा, अणदूरच्या त्या लग्नाच्या गाडीला मागनं लई झक्कास पट्टी बसलीया. तुमच्याच मिस्त्रीनं बसवली म्हणं.”

“कधी?”

“झालं की तीन-चार दिस. तुमची कुठंय?”

“त्याच्याकडेच.”

“मग बघा. नवरी एकाची आन् वरात दुसऱ्याच्या दारात, असं व्हायचं न्हाय तर.”

ते हसले. मी हसलो नाही. अणदूरची ती भाड्याची गाडी याच बनावटीची आहे.

मंगळवारी कारागिराने धोतर सोडले. दोन्ही तुकडे आरशासारखे लखलखत होते. मी आतून नकाशे वाचायचे भिंग आणले आणि डाव्या तुकड्याचे खालचे वळण उजेडात धरले. फुली नव्हती. उजव्या तुकड्यावर पाहिले. तिथेही नव्हती.

“काय शोधताय साहेब?”

“काही नाही.”

“डाग ऱ्हायलाय का कुठं?”

“नाही.”

“ऱ्हायचा न्हाय.”

मी टेप लावून लांबी मोजली. पट्टी देताना लिहून ठेवलेल्या मापाशी ती तंतोतंत जुळली. त्याने माझे समाधान झाले नाही. एकाच बनावटीच्या दोन गाड्यांची पट्टी एकाच मापाची असणार.

त्याने ओसरीवर बाज ओढली, तिच्यावर गोधडी पसरली आणि तिच्यावर काच ठेवून कडेने नवे रबर चढवायला घेतले. काम नीटनेटके होते. चोराचे काम नीटनेटके नसते, असा काही नियम नाही. मी खुर्ची घेऊन समोर बसलो आणि त्याच्या हातांवर नजर ठेवली. पट्टी एकदा रबरात गेली की मग बोलण्यात अर्थ राहणार नव्हता. आणि आताच बोललो आणि तो उठून गेला, तर बुधवारी मी पत्नीला कशातून आणणार होतो? माझ्या हातात रबर चढायला लागेल तेवढाच वेळ होता.

तेवढ्यात सोलापूरहून पत्नीचा फोन आला.

“अहो, आला का मिस्त्री?”

“आला.”

“काच बसली?”

“अजून नाही. एक पाहायचे आहे.”

“काय पाहायचंय?”

“पट्टी.”

“पट्टीत काय पाहायचं? तुमचा आवाज मोजणीला निघाल्यासारखा येतोय. त्या माणसाला काही बोलू नका, सांगून ठेवते. उद्या मला घरी यायचंय.”

“मी पाहतो.”

“पाहू नका. बसवून घ्या.”

मी फोन ठेवला. कारागिराने डावा तुकडा हातात घेतला होता आणि रबराच्या खाचेत साबणाचे पाणी सोडत होता.

“थांबा,” मी म्हणालो. मी सर्वांना अहोजाहो करतो. त्यात आदर थोडा असतो आणि अंतर जास्त. “ही पट्टी माझ्याच गाडीची आहे काय?”

त्याचा हात थांबला. “मग कुणाची?”

“माझ्या पट्टीवर एक खूण होती. ती हिच्यावर नाही.”

“कसली खूण?”

“ते तुम्ही सांगा.”

त्याने तुकडा गोधडीवर ठेवला. हात पँटला पुसले. घाई केली नाही.

“खूणबिण काय न्हवती. एक ओरखडा व्हता. डाव्या तुकड्याला, खालच्या वळणावर. फुलीवानी. ह्या नखाएवढा.” त्याने करंगळीचे नख दाखवले. “नुस्त्या बफच्या चाकानं जाईना. म्हणून बारीक कानस मारली, मंग पॉलिश पेपर, मंग परत बफ. वळणावर हात बसत न्हाय साहेब. दीड दिस गेला त्या एका ओरखड्यात. म्या म्हणलं, कुठल्या येड्या मिस्त्रीनं पेचकस घसरवलाय. लई शिव्या घातल्या त्याला.”

मी त्याला तुकडा सांगितला नव्हता. जागा सांगितली नव्हती, आकारही नाही. या तिन्ही गोष्टी ज्याने मूळ पट्टी हाताळली त्यालाच ठाऊक असणार. मोजणीच्या वेळी कोणी अशी साक्ष दिली असती, तर मी ती लिहून घेतली असती आणि वाद तिथेच मिटवला असता.

“तो ओरखडा मी काढला होता,” मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे पाहिले. “तुमी?”

“खिळ्याने.”

“आन् कशापायी?”

“पट्टी बदलली गेली, तर कळावे म्हणून.”

“मंग आतल्या अंगाला करायची की. तिथं कोण पॉलिश करायला जातंय?”

“बसवल्यावर पुन्हा पाहता आली नसती.”

“म्हंजी बसवल्यावर बी म्या चोरीन, असं.”

त्याचे म्हणणे खरे होते.

तो उठला आणि हौदावर जाऊन हात धुऊ लागला. तिथून मोटारसायकल चार पावलांवर होती. मी तिच्याकडे पाहिले आणि नंतर पत्र्याखालच्या गाडीकडे पाहिले. काच नसलेल्या खिडकीतून एक चिमणी आत शिरली आणि बाहेर आली. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मी हौदापर्यंत गेलो.

“माझी चूक झाली,” मी म्हणालो. “काम अर्धे टाकू नका. पत्नीला उद्या आणायचे आहे.”

तो काही वेळ हात धूतच राहिला. ते केव्हाच स्वच्छ झाले होते.

“काकूंसाठी बसवतो,” तो म्हणाला. “पण दोरी तुमी वढायची.”

हे नीट सांगितले पाहिजे. अशी काच बसवायला दोन माणसे लागतात. काचेला चढवलेल्या रबराच्या आतल्या ओठात सर्व बाजूंनी एक बारीक दोरी घालतात. तिची दोन्ही टोके गाडीच्या आत सोडतात. एक जण बाहेरून तळहातांनी काच दाबतो आणि दुसरा आत बसून दोरी हळूहळू ओढतो. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवर उलटून बसतो. ओढ जरा तिरकी गेली, तर काच तडकते. म्हणून दोरी नेहमी कारागिराच्या हाती असते आणि काच तडकली तर ती त्याच्या माथी. मालकाला दोरीला हात लावू देत नाहीत. त्या दिवशीही आधी तोच दोरी ओढणार आणि मी बाहेरून दाबणार, असे ठरले होते; आता त्याने ते उलटे केले.

“काच फुटली, तर?” मी विचारले.

“तर तुमच्या हातनं फुटली. म्या दुसरी काच लावली, असं तरी तुमी म्हणायचं न्हाय.”

मी मान्य केले.

पट्टीचे दोन्ही तुकडे त्याने रबरात बसवले, दोरी घातली, काच उचलून खिडकीला टेकवली. मागची बैठक आधीच काढून ठेवली होती. मी आत उघड्या पत्र्यावर गुडघे टेकले आणि दोरीची टोके हाताला गुंडाळली.

“काचंच्या अंगाअंगानं वढा. माझ्याकडं बघू नका, रबराकडं बघा.”

खालची कड सरळ उलटली. डावी बाजू उलटली. वरच्या उजव्या कोपऱ्यात दोरी अडली. मी जोर केला आणि काच करकरली.

“थांबा. वढू नका. हात ढिला बी सोडू नका.”

मी तसाच राहिलो. बाहेरून साबणाचे पाणी ओघळले. गाडीच्या टपामुळे मला त्याचे हात दिसत नव्हते. काचेला टेकलेला त्याचा सदरा तेवढा दिसत होता. तो काय करत आहे हे पाहण्याचा कोणताही मार्ग मला नव्हता.

“आता. हळू.”

मी ओढले. रबर सुटले, उलटले आणि पत्र्यावर बसले. उरलेली दोरी सहज निघून हातात आली. अकरा वाजून पन्नास मिनिटे झाली होती.

त्याने चारी बाजूंनी मुठीने काच ठोकून पाहिली. तेव्हा मी विचारले, “अणदूरच्या गाडीला कोणती पट्टी बसवलीत?”

तो प्रथमच हसला. “अस्सं. ही कळ तिथनं आलीया व्हय? ती प्लास्टिकची हाय साहेब, वरनं चंदेरी मुलामा. मालकानंच सोलापुरातनं आणलीया. नखानं वाजवून या जावा.”

“त्याची गरज नाही.”

“न्हाय कशी? तुमाला झोप लागायची न्हाय.”

मी त्याला जेवायला थांबा म्हणालो. घरी ज्वारीची काढणी आहे असे सांगून तो तांब्याभर पाणी प्यायला आणि गेला.

चार वाजता मी स्कूटरवरून अणदूरला गेलो. लग्नाची गाडी रस्त्याकडेला उभी होती. मी मागच्या पट्टीवर नख वाजवले. आवाज बद्द आला. दुसऱ्या बाजूनेही वाजवून पाहिले. चालक पुढच्या बैठकीवर पहुडला होता, तो उठून बसला.

“काय आजोबा, गाडी ठरवायचीय का? कुणाचं लगीन हाय?”

“कुणाचे नाही.”

“मग वाजवून काय बघताय? कलिंगड हाय का ते?”

मी परत आलो. मागच्या काचेखाली आतल्या बाजूने वर्तमानपत्र अंथरले आणि बाहेरून तीन बादल्या पाणी ओतले. अर्धा तास थांबून कागद काढला. तो कोरडा होता. दोन्ही कोपऱ्यांत बोट फिरवले. तेही कोरडेच निघाले. मग सोलापूरला फोन लावला.

“बसली का?” पत्नीने विचारले.

“बसली.”

“पाणी येतंय?”

“नाही.”

“मिस्त्री जेवून गेला का?”

“नाही.”

“काय बोललात त्याला?”

“उद्या सांगतो.”

“म्हणजे बोललात,” ती म्हणाली. “नऊला निघा. ऊन चढायच्या आत घरी पोचू.”

फोन ठेवून मी गाडीची मागची बैठक पुन्हा जागेवर बसवली. टेपने तिची उंची मोजली. घरातल्या पत्नीच्या खुर्चीपेक्षा ती दोन बोटे कमी भरली. घोंगडी चौघडी करून तिच्यावर अंथरली, हाताने दाबून पुन्हा मोजली आणि दार लावून घेतले.