निळ्या चिंधीचा डबा

माझी पिशवी चोरीला गेली असती तर मला काही वाटलं नसतं. आजवर चार-पाच पिशव्या गेल्या, एक छत्री गेली, एकदा तर लग्नाच्या पंगतीत जेवून उठेपर्यंत कोऱ्या चपला गेल्या. चोरीची मला सवय आहे. पण टोकियोतल्या फुनाबोरीत माझी पिशवी कोणी चोरली नाही. ती रांगेतून उचलून सुखरूप पोलिसांकडे पोचवली. आणि ती सोडवून आणण्याच्या भानगडीत माझी साठ वर्षांपूर्वीची लबाडी बाहेर पडली.

मुलाकडे मी वर्षातून तीन महिने येते. तो टोकियोतल्या कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरचं काम करतो, सून घरून करते, आणि नात इथल्याच जपानी शाळेत तिसरीत आहे. रविवारी सकाळी नातीला कोपऱ्यावरच्या बेकरीतला गरम मेलनपान लागतो. नावात मेलन असला तरी त्यात मेलन नाही, गोड पाव आहे नुसता. बेकरी दहाला उघडते, रांग साडेनऊला लागते. त्या रविवारी नात सायकल लावायला गेली आणि रांगेत उभी मी. माझे गुडघे पाच मिनिटांत बोलायला लागले. समोर बागेत बाक रिकामा. मग मी लहानपणापासून जे करत आले तेच केलं. सोलापुरी चादरीच्या कापडाची माझी पिशवी पुढच्या बाईच्या टाचेमागे नीट उभी केली आणि बाकावर जाऊन बसले.

थोड्या वेळानं मान वर करून बघते तर रांग जिथल्या तिथे, पिशवी नाही. माझ्यामागे उभ्या असलेल्या एका भल्या मुलीनं, कोणीतरी म्हातारी पिशवी विसरली बिचारी, म्हणून आपली जागा सोडून ती धावत कोबानात नेऊन दिली होती. कोबान म्हणजे स्टेशनासमोरची एका खोलीची पोलीस चौकी.

नात आणि मी तिथे गेलो. तरुण पोलीस. त्यानं पिशवीतल्या वस्तूंची यादी आधीच लिहून ठेवली होती: चष्मा, रुमाल, बडीशेपेची डबी. चौथ्या ओळीत त्यानं प्रश्नचिन्ह काढलं होतं आणि टेबलावर माझा अडकित्ता ठेवला होता. तो त्याच्याकडे अशा नजरेनं बघत होता की जणू तो आपणहून उडी मारेल.

"आजी, हे काय आहे विचारतायत."

"सुपारी कातरायचं आहे म्हणावं."

"सुपारीला जपानीत काय म्हणतात?"

"मला काय ठाऊक? फळ म्हण."

नातीनं बहुतेक फळ कापायचं यंत्र असं काहीतरी सांगितलं. त्यानं ते लिहून घेतलं. मग त्यानं विचारलं, पिशवी कुठे हरवली?

"हरवली नाही म्हणावं. रांगेत उभी होती. पिशवी म्हणजे मी."

नातीनं माझ्याकडे पाहिलं. "आजी, असं मी नाही सांगणार. हाझुकाशी." म्हणजे लाज वाटते. तरी तिनं सांगितलं काहीतरी, कारण पोलीस वाकला, मीही वाकले, तो परत वाकला, आणि सही करून आम्ही बाहेर पडलो. मेलनपान संपले होते.

घरी येताना पोरगी फुरंगटलेली. म्हणून मी तिला समजावलं की आमच्या गल्लीत हे असंच चालायचं. आणि तिथेच मी अडकले. तिला शाळेत 'जुन्या काळचं राहणीमान' असा धडा होता, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारून मोठ्या कागदावर चित्रं काढून वर्गात सांगायचं होतं. त्या दिवशी घरचे मोठे लोकही वर्गात येऊन मागे उभे राहणार होते. इतर मुलं आपल्या आजोबांच्या वॉशिंग मशीनबद्दल सांगणार होती. माझ्या नातीला एकदम मोठं घबाड मिळालं: रांगेत उभे राहणारे डबे.

तर ते डबे. सोलापूरला आम्ही गिरणीच्या चाळीत राहायचो. वडील गिरणीत, आई विड्या वळायची. गिरणीचा भोंगा झाला की गल्ली जागी, भोंगा झाला की गल्ली जेवायला. गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की, तिच्या पायरीवर बसलं की पांढरं होऊन उठायचं. चक्कीसमोर रॉकेलचं दुकान. दुकान कसलं, एक पिंप, एक हातपंप, एक नरसाळं आणि कायम चिडलेला एक माणूस. रॉकेल आठवड्यातून एकदा यायचं, दुपारी चारला वाटप. बायका पहाटेच आपापला पत्र्याचा डबा दुकानासमोर लावून कामाला जायच्या. डब्यांची रांग चक्कीला वळसा घालून नळापर्यंत जायची. डबे सगळे सारखेच, म्हणून कडीला ज्याची त्याची चिंधी. आमची लाल, शेजारच्यांची निळी. आणि गल्लीचा एकच कायदा: डबा म्हणजे माणूस. डब्याला कोणी हात लावायचा नाही.

या रांगेवर लक्ष ठेवायला मोठी माणसं रिकामी नसायची. म्हणून ते काम मी घेतलं. मला कोणी दिलं नव्हतं. मी नऊ वर्षांची होते, हातात एरंडाची काठी घेऊन रांगेच्या कडेनं फिरायची आणि कुत्र्यांना, कोंबड्यांना, लहान पोरांना दम द्यायची. चाळीस डबे आणि चाळीस चिंध्या मला पाठ आहेत असं मी सगळ्यांना ऐकवायची. आज अशी पोरगी दिसली तर मी रस्ता बदलेन.

नातीला ही गोष्ट तोंडपाठ होती, कारण दर खेपेला मी ती सांगायची. कशी एकदा एका दुष्ट मुलीनं आमचा डबा गुपचूप रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला, कसं आमच्यापर्यंत येईतो रॉकेल संपलं, आणि कसं मी त्या मुलीला सगळ्यांसमोर पकडलं. सांगताना मी काठीही फिरवून दाखवायची.

बुधवारी नातीनं चित्र पूर्ण केलं. चक्की, नळ, पिंप, रंगीत चिंध्यांचे डबे, आणि मधोमध एक मुलगी. तिला तिनं तिरप्या काळ्या भुवया काढल्या होत्या आणि दात.

"ही बॅड गर्ल. आजी, तिचं पुढे काय झालं?"

काय होणार? ती सोलापुरातच आहे. तिला तीन नातवंडं आहेत. दर खेपेला माझ्या सामानात शेंगाचटणीची जी पुडी असते, ती तीच कुटून पाठवते. त्याच सकाळी मी ती चटणी पोळीला लावून खाल्ली होती.

मी म्हटलं, "भुवया जरा कमी कर."

"का? वाईटच होती ना ती?"

शुक्रवारी मला त्या वर्गात मागे उभं राहायचं होतं. ही पोरगी तीस मुलांसमोर जपानीत माझं खोटं वाचणार, आणि मला एक अक्षर कळणार नाही, तरी सगळं कळणार. बरं, खरं सांगावं तर घरात माझं ऐकणारं हे एकच माणूस. मुलगा हो हो करतो, सून "आई, तुम्ही बसा" म्हणते. मी सांगते ते खरं मानणारी ही एवढीच. तीही गेली तर मी इथे तीन महिने कोणाशी बोलू? चटणीशी?

तरी सांगितलं. एक दिवस टाळून, गुरुवारी दुपारी सांगितलं.

शेजारच्या त्या मुलीनं आदल्या दिवशी गजग्यांच्या खेळात माझा सगळ्यात चांगला गजगा जिंकला होता. राखाडी, गुळगुळीत, माझा जीव की प्राण. वर ती सगळ्या पोरींसमोर म्हणाली, "हिला झेलताच येत नाही." खरंच येत नव्हतं. म्हणूनच ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी रॉकेलचा वार. सगळे जेवायला घरात, गल्ली सामसूम. मी रांगेत निळ्या चिंधीचा डबा शोधला, नववा होता. उचलला आणि नळापाशी सगळ्यात शेवटी नेऊन ठेवला. रांगेची फौजदार मी, आणि गल्लीचा एकुलता एक कायदा मीच मोडला. मग काठी घेऊन पुन्हा पहाऱ्याला उभी राहिले, गाणं गुणगुणत.

चार वाजता आई विड्या देऊन आली. रांगेत गेली, मागे-पुढे बघितलं आणि ओरडली, "आपला डबा कुठाय?"

आमचा डबा पहाटे गळताना दिसला होता. त्या मुलीच्या आईनं, शेजारच्या काकूंनी, आपला निळ्या चिंधीचा डबा आईला दिला आणि स्वतःसाठी वनस्पती तुपाचा जुना डबा लावला. मी तेव्हा झोपेत होते. चाळीस चिंध्या पाठ असलेल्या फौजदाराच्या डोक्यात हेही आलं नाही की आज रांगेत आपली लाल चिंधी कशी दिसत नाही. रागात माणसाला दुसऱ्याचा डबा बरोबर दिसतो, आपला दिसत नाही.

रॉकेल आमच्या आधी दोन डब्यांवर संपलं. बायका जमल्या. "कुणी सरकवला? पहाऱ्याला तर तूच होतीस की गं!" सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आणि माझा हात माझ्या आधी वर झाला. "हिनं," मी म्हटलं आणि त्याच मुलीकडे बोट केलं.

काकूंनी तिला तिथेच, सगळ्यांसमोर, एक ठेवून दिली. ती रडली नाही, काही बोलली नाही. मग काकूंनी नरसाळं मागितलं आणि आपलं निम्मं रॉकेल आमच्या डब्यात ओतलं. त्या रॉकेलवर आईनं स्टो पेटवला. शरमेनं माझ्या घशाखाली घास उतरला नाही असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी दोन भाकरी खाल्ल्या.

नातीनं सगळं ऐकून चित्रातल्या भुवयांवर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हणजे बॅड गर्ल तू?"

"हो."

"आणि तू तिला सॉरी म्हणालीस?"

"नाही अजून."

"साठ वर्षं?" मग ती एकदम त्यांच्या शाळेतल्या बाईंसारखी झाली. पाठ ताठ, आवाज हळू. "आजी, आधी सॉरी म्हणायचं. मग मी वाचणार. नाहीतर मी आजोबांच्या रेडिओबद्दल सांगते."

तिनंच फोन लावला. सोलापुरात सकाळ होती. पडद्यावर आधी छत दिसलं, मग कपाळ, मग माझी मैत्रीण.

"काय गं, काय करायलीस? चटणी संपली का लगेच?"

"चटणी आहे. मला एक सांगायचंय. तो डबा..."

"कुठला डबा?"

"रॉकेलचा. निळ्या चिंधीचा. तो मी सरकवला होता. तू नाही."

मग ती जी हसायला लागली ती पार खोकल्यापर्यंत. तिच्या सुनेनं तिला पाणी आणून दिलेलं मला दिसलं.

"अगं ए शहाणे, मला ठाऊक आहे की! मी चक्कीच्या पायरीवर बसले होते. मी बघितलं तुला नेताना."

"बघितलंस? मग अडवलं का नाहीस?"

"का अडवू? आमचा डबा तुपाचा होता. तू तुझाच डबा उचलून मागं न्यायलीस. दोन हातांनी, धापा टाकत! मी म्हटलं, नेऊ दे."

"आणि काकूंनी मारलं तेव्हा? तेव्हा का नाही बोललीस?"

"काय बोलू? बोलले असते तर आईनं विचारलं असतं, बघत होतीस तर गप का बसलीस. मग दोन बसल्या असत्या. एकीत भागलं." मग ती नातीकडे वळली. "बाळ, तुझी आजी लई हुशार होती बघ. आणि तिचा गजगा अजून माझ्याकडंच आहे म्हणावं. चोरलेला नाही. जिंकलेला."

मी "माफ कर गं" म्हणाले. ती म्हणाली, "बरं केलं." पुढे म्हणाली की चक्की जाऊनही जमाना झाला, तिथं आता मोबाईलचं दुकान आहे आणि रॉकेलवाल्याच्या जागी पार्लर. गिरणीच्या जागी लॉन आहे, लग्नं लागतात. "तू आलीस की तुझं तिथं दुसऱ्यांदा लावू," म्हणाली आणि फोन ठेवला.

नातीनं खोडरबर घेतला. भुवया खोडल्या, दात खोडले. मग चक्कीच्या पायरीवर हसणारी एक पांढरीफटक मुलगी काढली, आणि रांगेशेजारी डबा पोटाशी धरून निघालेली दुसरी. हिच्या हातात काठीही दिली. भुवया मात्र हिला परत काढल्या, आधीपेक्षा जाड.

शुक्रवारी मी वर्गात मागे उभी होते. कळलं काहीच नाही, पण मुलं दोनदा हसली आणि दोन्ही वेळा वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी वाकले. दुसरं काय करणार?

रविवारी पुन्हा बेकरीची रांग. मी मुकाट्यानं उभी. नात शेजारी. पाच मिनिटांत गुडघे बोलायला लागले, ते तिलाही ऐकू गेलं असावं.

"आजी, तू बस जा. मी उभी राहते."

मी बाकाकडे निघाले. चार पावलं गेले असेन, तर मागून आवाज आला, मराठीत, चांगला खणखणीत, रांगेतल्या कोणालाही कळू नये इतका शुद्ध:

"आणि आजी, मला मागे नेऊन ठेवू नकोस!"