दोन पोर्टचं कार्ड

वस्तू एकच आणायची असते, पण ती निवडताना किस्से मात्र ढीगभर जमतात. आमच्या खोडदच्या घरातल्या राउटरचे असेच जमलेत. मुलगी नीलिमा कॅनडात. रोज सकाळी तिचा व्हिडिओ कॉल, अन् ऐन बोलण्यात नेट जायचं. शेवटी ठरवलं, जुन्या कॉम्प्युटरचा राउटर घरीच करायचा. फायबरची लाइन तुटली की नेट आपोआप मोबाइलच्या सिमवर जाईल असा!

*

पहिला सल्ला शेजारच्या बबनरावांचा. "भाऊ, वायफायचं मोठं यंत्र घ्या. चार अँटेनावालं!"

मी शिवारातल्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकडीकडं बोट दाखवलं. ती आकाशातले बारीक सिग्नल ऐकते, अन् वायफायच्या लहरींचा तिला अडथळा होतो. म्हणून घरात होईल तेवढं वायरवरच चालवायचं, असं माझं मत.

"म्हंजी ताऱ्यांचं नीट ऐकू यावं म्हणून पोरीचं वायरीतनं ऐकायचं? लई मोठं मन हाय राव!"

*

आधी स्वस्तातलं, यूएसबीत खोचून नेटची वायर जोडायचं लॅन अडॅप्टर आणलं. ते तापलं की नीलिमा पडद्यावर हसता हसता थिजायची. मी कॉल कट करायला गेलो, तर बायकोनं, सुनंदानं, हात धरला.

"ऱ्हाऊ द्या की जरा. बघू द्या मला!"

*

मग आळेफाट्याला जुन्या सामानाचं दुकान गाठलं. कॉम्प्युटरच्या आत बसणारं, दोन पोर्टचं कार्ड हवं होतं. एकात फायबर, दुसऱ्यात सिमचा डबा. दुकानदार रामदासनं एक कार्ड पुसून पुढं केलं.

"चालतं का?"

"पळतंय!"

"मग हे ज्यात होतं ते मशीन का मोडीत काढलं?"

"मशीन बंद पडलं व्हतं, पावणं. त्यात कार्डाचा काय दोष!"

*

कार्ड बसवलं. कॉल चालू असताना मी मुद्दाम फायबरची वायर उपटली. नीलिमा जराशी अडखळली, अन् लगेच पुन्हा बोलू लागली! मी खूश.

सुनंदा म्हणाली, "परत त्या वायरीला हात लावला ना, तर जेवायला त्या तबकडीखाली जावा!"

*

परवाच्या कॉलला चित्र इतकं स्वच्छ होतं, की नीलिमाच्या मागच्या खिडकीवरचा बर्फसुद्धा दिसत होता.

सुनंदानं विचारलं, "औंदा तरी येशील का गं?"

नीलिमाचा ओठ थरथरला. पडदा काळा झाला. आवाज मात्र अगदी स्पष्ट आला, "आई, दिसत नाही का मी? तुमचं नेट गेलं वाटतं."

सुनंदानं माझ्याकडं पाहिलं. मी राउटरकडं. कार्डावरचे दोन्ही हिरवे दिवे नीट लुकलुकत होते.

"हो गं," मी म्हणालो, "इकडचंच गेलंय. तू बोल."