नमुना मुलीचं नाव कमी करताना

कॉलेजातल्या समुपदेशक बाईंचा तास आठवड्यातून एकदाच असे. वेळापत्रकात त्याचं नाव मोठं भारदस्त, 'विद्यार्थी यश आणि करिअर नियोजन'. मुलं त्याला 'भविष्याचा तास' म्हणत आणि जमेल तितका चुकवत. पण बाईही वस्ताद. पहिल्याच दिवशी त्या एका मुलीची गोष्ट सुरू करत, आणि ती ऐन रंगात आली की घंटा होई. पुढच्या आठवड्याला वर्ग गच्च.

ती मुलगी मुळात नव्हतीच. अर्ज कसा भरायचा, वेळापत्रक कसं आखायचं, नापास झाल्यावर घरी काय तोंड दाखवायचं, हे शिकवायला बाईंनी ती बारा वर्षांपूर्वी रचली होती. तिला म्हणत नमुना. पण बाईंची जीभ एकदा सुटली की आवरत नसे. त्यांनी नमुनाला डावखुरी केलं, तिच्या वडिलांची नजर अधू केली, आईला शिवणयंत्रावर बसवलं, तिला वर्गात तिसऱ्या खिडकीजवळ जागा दिली आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञ व्हायचं वेड लावून दिलं. सख्ख्या भाचीचा वाढदिवस विसरणाऱ्या बाईंना नमुनाचा रक्तगटही पाठ आहे, असं स्टाफरूममध्ये बोललं जाई. बोलणाऱ्यांत जीवशास्त्राचे सर पुढे.

यंदा तंत्रज्ञाच्या अभ्यासक्रमाची यादी लागली. जागा तीस. एकतिसावी होती वर्गातली वहिनी. पस्तिशीची, दोन मुलांची आई, सगळा वर्गच तिला वहिनी म्हणे. वयाच्या अटीमुळे पुढच्या वर्षी तिला अर्जही करता येणार नव्हता.

"बाई, तिसांतल्या एकाने जरी जागा सोडली तरी माझं काम होईल हो."

बाईंनी यादी हातात घेतली. तिसाव्या ओळीवर नाव होतं, नमुना.

बाईंना आधी हसूच आलं. कॉलेजात संगणक आले तेव्हा चाचणीसाठी त्यांनीच नमुनाचा अर्ज भरून दिला होता. पुसायचा राहिला असणार. अभ्यासक्रम जीवशास्त्राच्या सरांकडे होता. बाई त्यांना गाठायला गेल्या.

"सर, तुमच्या यादीत माझी नमुना घुसलीय. ही चेष्टा कुणाची?"

"चेष्टा कसली? एकाहत्तर मार्क आहेत तिला. पेपर मी तपासलेत."

"अहो, ती मुलगी खरी नाही."

"कमाल करता. पहिले दोन आठवडे तोंडात मिठाची गुळणी धरून बसली, आता प्रश्न विचारून डोकं खाते. तिसऱ्या खिडकीशी बसते बघा. डावखुरी असल्याने शेजारणीला सारखी कोपरखळी, आणि मग भांडणं." सरांनी चहाचा घोट घेतला. "तुमच्यावर रुसलीय मात्र. म्हणाली, बाई सगळ्यांना खोलीत बोलावतात, मला कधीच नाही."

बाई तडक सरांच्या रिकाम्या वर्गात गेल्या. तिसऱ्या खिडकीजवळच्या बाकावर हात टेकवला. बाक कोमट होतं. उन्हाने तापलं म्हणावं, तर ऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं.

मग कार्यालय. नमुनाचं नाव काढा म्हटल्यावर कारकून भाऊसाहेबांनी नकारार्थी मान हलवली.

"नियम तुमचाच आहे, बाई. सोडून जाणाऱ्याशी आधी अर्धा तास बोलायचं, मग अर्जावर त्याची सही. त्याशिवाय नाव काढायचं नाही, असं तुम्हीच प्राचार्यांकडून लिहून घेतलंत. चारपर्यंत आणा. नंतर यादी पक्की."

बाई आपल्या खोलीत आल्या. तिरक्या मांडलेल्या दोन खुर्च्यांपैकी समोरच्या खुर्चीवर त्यांनी कोरा अर्ज ठेवला, वर पेन ठेवलं. आपल्याला वेड लागलंय असं स्वतःला बजावलं आणि सवयीने म्हणाल्या, "बस. का सोडावंसं वाटतंय?"

झालं, तिथेच घोटाळा झाला. पंचवीस मिनिटांनी त्यांच्या लक्षात आलं, आपण तिला थांबायला सांगतोय. मार्क चांगले आहेत, इथवर आलीस तर आता माघार कशाला, वगैरे वगैरे. जन्मभर तेच केलेलं. दाराच्या काचेवर वहिनीची सावली येरझाऱ्या घालत होती. बाईंनी जीभ चावली.

"नाही गं. तू जा. ही जागा दुसरीची आहे. तिचं वय निघून चाललंय. तू बारा वर्षं एकोणीस वर्षांचीच आहेस. तुला थांबता येतं."

खुर्ची करकरली, माणूस पुढे वाकल्यावर करकरते तशी.

बाई चटकन उठल्या. दार उघडून वहिनीला "पाच मिनिटं हं" म्हणाल्या आणि वळल्या. अर्जावर सही होती, डावीकडे कललेली. शाई ओली होती आणि तळहात घासून फरफटली होती. 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं, 'बाईंनी सांगितलं म्हणून.'

असल्या उत्तरावर बाई वर्गात लाल काट मारत. कुणी सांगितलं म्हणून काही धरायचं नाही आणि सोडायचंही नाही, हा त्यांचा पहिला धडा. हात पेनाकडे गेला आणि तसाच मागे आला.

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून अर्ज वाचला. "पुढे कुठे जाणार, ते कोरं आहे. कोरं चालत नाही. उद्या चौकशी आली तर मी काय सांगू?"

बाईंनी पेन घेतलं आणि स्वतःच्या घराचा पत्ता लिहिला.

"नातं?"

"पालक लिहा."

शिक्का बसला. वहिनीचं नाव तिसाव्या ओळीवर चढलं. तिने जिन्यातच बसकण मारली, घरी फोन लावला आणि मुलांना यादीतला आपला क्रमांक दोनदा वाचून दाखवला.

बाई नेहमीच्या वाटेने घरी गेल्या. एकट्याच राहत. कुलूप काढून आत शिरल्या आणि दार हाताने धरून थोडा वेळ बाजूला उभ्या राहिल्या. मग कुणाचं बोट सापडू नये अशा बेताने, हळूच लोटलं.