फळीवरच्या चपला

माझ्या ओवीनं पाळणाघराची जाळी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती आणि कोपऱ्यावर शेंद्र्याला जाणारी कंपनीची बस हॉर्न देत होती. अडीच वर्षांची पोर, पण सोडवता सोडवेना. बस गेली. सलग तिसऱ्या दिवशी उशीर झाल्यावर साहेबांनी स्पष्टच सांगितलं, "मॅडम, या आठवड्यात काहीतरी जमवा. नाहीतर प्रोजेक्ट दुसऱ्याकडं द्यावं लागेल."

मी मशीनचे स्क्रीन डिझाइन करते. ऑपरेटरला कुठलं बटण कुठं सापडलं पाहिजे, ते ठरवणं माझं काम. याला यूएक्स म्हणतात. म्हणजे वस्तू वापरणाऱ्याच्या नजरेनं बघायची.

घरी मात्र मी थेट तक्ताच करून टाकला. आई ऑफिसला जाते, आई परत येते. रंगीत चित्रं, वर लॅमिनेशन. ओवीनं तो चघळला.

साहेबांना हे सांगितलं, तर ते हसले. "युजरला न बघताच डिझाइन केलं की तुम्ही. उद्या उशिरा या, पण आधी गप्प बसून बघा." स्क्रीनची चाचणी घेताना ऑपरेटर चुकला तरी मधे बोलायचं नाही, हा आमच्याकडचा नियमच आहे.

पाळणाघर शाहीनआपांचं. त्यांनी मला दाराआड स्टूल दिलं. नवरा ओवीला घेऊन आला. उंबऱ्यापर्यंत ती मजेत होती. आपांनी तिच्या चपला काढून वरच्या फळीवर ठेवल्या, अन् तिनं भोकाड पसरलं. नजर फळीवरच. मला लई भरून आलं, पण उठले नाही.

मग उमगलं. कुठूनही घरी निघताना आम्ही तिला आधी "चप्पल आण" म्हणतो. चपला हाती लागत नाहीत, म्हणजे आता घरी जाणं नाही. मागं जायचं बटण दिसलं नाही, की ऑपरेटरही असाच हबकतो.

"आपा, चपला तिच्याजवळच राहू दिल्या तर?"

"राहू दे की बेटा. गेट बंदच असतं. मी बघते ना."

दुसऱ्या दिवशी ओवी चपला बगलेत मारून आत गेली. रडली नाही. मला बस मिळाली. दुपारी आपांनी फोटो पाठवला, चपला उशाशी घेऊन ओवी गाढ झोपलेली. प्रोजेक्ट माझ्याकडंच राहिलं. साहेबांचे आणि आपांचे उपकार मी विसरणार नाही.

संध्याकाळी आणायला गेले तर बाईसाहेब खेळण्यात दंग. म्हटलं, "चल, चप्पल घाल."

"नाय जायचं."

युजरची एक अडचण सोडवली, की तो दुसरी काढतो. मी स्टूल ओढलं आणि पुन्हा बघत बसले.