मागावर बोलायचं नसतं

माझ्या माहेरी, सानगडीला, कुणी हळू बोलत नाही. धानाची शेती, एक माणूस या बांधीत, दुसरा चार बांध्या सोडून पलीकडे, आणि दुपारच्या भाजीपासून शेजारणीच्या भांडणापर्यंत सगळं ओरडूनच सांगायचं. रोवणीच्या दिवसांत पंधरा बाया ओळीनं वाकलेल्या असतात आणि पंधराही जणी एकाच वेळी बोलत असतात. ऐकतं कोण, हा प्रश्न तिथं कुणाला पडत नाही. अशा घरातून मी लग्न होऊन मोहाडीकडच्या या विणकरांच्या गावात आले आणि पहिल्याच आठवड्यात मला वाटलं, या घरात कुणीतरी वारलंय आणि मला सांगितलेलं नाही.

सासरे आणि सासूबाई सकाळी सातला मागावर बसायचे ते जेवायच्या वेळेपर्यंत. मागाची खटखट चालू, पण माणसांचा शब्द नाही. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते, सासूबाईंना आत्याबाई म्हणायची. मामाजी मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबायचे, आत्याबाई कापडाच्या दुसऱ्या टोकाला. मी चहा घेऊन जायची आणि सोबत गावभरच्या बातम्या. आत्याबाई मान हलवायच्या, मामाजी तेवढंही नाही. मी नवऱ्याकडे तक्रार केली, की तुझ्या घरच्यांना मी आवडत नाही. तो भंडाऱ्याला नोकरीला. सकाळच्या बसच्या घाईत होता. म्हणाला, “आवडतेस. पण मागावर बोलत नसतात.”

त्याचं कारण आमच्या काठात आहे. आम्ही कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या साड्या विणतो, करवती काठाच्या. करवतीला असतात तसे दात काठातून साडीच्या अंगात शिरलेले असतात. ते छापलेले नसतात, विणतानाच करायचे. त्याला आडवं सूत नेणारे तीन धोटे लागतात, एक अंगाचा आणि दोन्ही काठांचे दोन, आणि माणसं दोन. काठाचं सूत दर फेऱ्याला थोडं थोडं आत न्यायचं, टोक आलं की तसंच मागं आणायचं. आमच्या घरचा दात बारा फेऱ्यांचा. मोजणी विणणाऱ्याच्या मनात चालते आणि दुसऱ्या टोकाचा माणूस त्याच्या हाताकडे बघून चालतो. मधे कुणी विचारलं, भात टाकू का, की सात होते की आठ हे गेलं. मग एक दात बुटका होतो, आणि अख्ख्या काठात तोच डोळ्यांत भरतो.

आत्याबाईंच्या डोळ्यांपुढे धूसर दिसायला लागलं तेव्हा त्यांनी मला आपल्या जागेवर बसवलं. घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून, नाहीतर माझ्यासारखीला कोण बसवेल. त्यांनी मला धोटा कसा धरायचा ते दोन दिवसांत शिकवलं आणि एक गोष्ट मात्र तीन-तीनदा सांगितली.

“त्यायचा दात चुकला का तू धोटा कापडावर ठेवून देजो. बोलजो नोको.”

“काहून? सांगितलं त लवकर समजंल नं.”

“समजते त्यायले. धोटा ठेवला का समजते.”

एवढंच. दुसऱ्या टोकाच्या माणसानं चूक दाखवायची ती धोटा ठेवून. मग विणणारा स्वतः बघतो, स्वतः शोधतो, सूत मागं काढतो आणि पुन्हा विणतो. चूक त्याची, सापडलीही त्यालाच. आमच्या गल्लीतल्या सगळ्या मागांवर असंच आहे. मला ते तेव्हा उगाचचं नाटक वाटलं. पण बसले. पहिला महिना कसा काढला ते माझं मला ठाऊक; तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी बसायची आणि जेवणाच्या सुट्टीत चार तासांचं बोलणं एका दमात काढायची. हळूहळू सवय झाली. तीन वर्षांपूर्वी आत्याबाई गेल्या. त्यानंतर मागावर मी आणि मामाजी, दोघंच.

गेल्या वर्षापासून दात चुकायला लागले. आधी आठवड्यातून एखादा, मग दोन दिवसांआड, मग रोज. मी धोटा ठेवायची. मामाजी चष्मा वर करून बघायचे, सूत काढायचे, पुन्हा विणायचे. ना त्यांनी कधी म्हटलं की मला आठवत नाही, ना मी विचारलं. नवऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं. माझ्या पोटात कधी काही राहत नाही, पण हे राहिलं होतं, आणि मला त्याचा अभिमानही होता, खोटं कशाला बोलू.

दिवाळीनंतर नागपूरचा व्यापारी आला. तो दर दोन महिन्यांनी साड्या न्यायला येतो, माणूस वाईट नाही. या वेळी म्हणाला, गिऱ्हाइकांना हाताचं काम बघायला आवडतं, मोबाइलवर व्हिडिओ काढतो, तुम्ही विणा आणि वहिनी, तुम्ही जरा समजावून सांगा. मला एवढंच हवं होतं. मागावर बसून बोलायची परवानगी, तीही कॅमेऱ्यासमोर. मी पदर नीट केला आणि तोंडाचा पट्टा सोडला. कोसा कुठून येतो, रंग कसा चढतो, तीन धोटे कोणते. मामाजी विणत होते. मी बोलत असताना मोजणी कशी राहणार? दात चुकला. मला दिसला. हात धोटा ठेवायला गेलाही असेल, पण तोंड आधी चाललं.

“हे बघा, आता दात चुकला. आमच्या मामाजीचा आजकाल रोजच चुकून राहिला. मीच सांभाळून घेतो.”

आणि मी हसले. उचलली जीभ लावली टाळ्याला. व्यापारीही हसला, म्हणाला, चालते, व्हिडिओतून एवढं काढून टाकतो. मामाजींनी हातातला धोटा खाली ठेवला. खड्ड्यातून पाय वर काढले, व्यापाऱ्याला पाणी विचारलं, त्याच्याशी पावसापाण्याचं बोलले, दारापर्यंत सोडायला गेले. परत आल्यावर त्यांनी कपाटातून जुनी चादर काढली आणि अर्ध्या विणलेल्या साडीसकट माग झाकला. दिवसाउजेडी त्या मागावर चादर मी फक्त आत्याबाई गेल्या तेव्हा बघितली होती.

दुसऱ्या दिवशी सातला ते उठून तलावाच्या पाळीवर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. विचारलं तर म्हणाले, “डोळे दुखून राहिले.” ज्या माणसानं वयाच्या बाराव्या वर्षापासून दुसरं काही केलं नाही, तो पाळीवर बसून बगळे बघणार आणि तेही माझ्यामुळं, या विचारानं मला जेवण जाईना. मला लाज वाटत होती आणि भीतीही. हा माणूस मागावरून उठला तर परत कशावर बसेल, ते मला दिसत नव्हतं.

मग मी मला जे येतं तेच केलं, बोलले. संध्याकाळी चहा देताना म्हटलं, “मामाजी, चुकलं माझं. मी बोलली ते खरं नव्हतं.”

“खरंच होतं, बाई,” ते म्हणाले आणि चहा पिऊ लागले.

रात्रीच्या जेवणाला पुन्हा विषय काढला, तर नवऱ्यानं विचारलं, काय झालं? मग त्याला सगळं सांगावं लागलं. तो घाबरून म्हणाला, बाबा, नागपूरला मोठ्या डॉक्टरला दाखवू. मामाजी हात धुऊन उठले. चौथ्या दिवशी मी शेजारच्या मागवाल्या काकांना गाठलं, तुम्ही तरी समजवा म्हटलं. त्यांना आधी काय समजवायचं तेच सांगावं लागलं. तिथून घरी येताना चार पावलांवर माझ्या डोक्यात उजेड पडला. माफी मागायला तोंड उघडलं की आधी तीच गोष्ट बाहेर येत होती, की यांना मोजता येत नाही. एकदा व्यापाऱ्यासमोर बोलले होते, आता घरात, आता गल्लीत. मी माफी मागत नव्हते, दवंडी पिटत होते.

पाचव्या दिवशी सकाळी सातला मी माझ्या बाजूची चादर तेवढी दुमडली आणि माझ्या जागेवर जाऊन बसले. त्यांच्या बाजूला हात लावला नाही. बसून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरल्या. कांड्या संपल्या तर नुसतीच बसले. मामाजी चप्पल घालून बाहेर निघाले होते, त्यांनी बघितलं आणि गेले. जेवायची वेळ झाली तशी मी चादर सरळ करून उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. शेजारीण दारात उभी राहून म्हणाली, “काय वो, एकटीच काय करून राहिली मागावर?” मी नुसती मान हलवली. ती घाबरून माझ्या कपाळाला हात लावून गेली, ताप आहे का बघायला. माहेरून आईचा फोन वाजला, तोही उचलला नाही. आईनं संध्याकाळी नवऱ्याला फोन करून विचारलं, पोरीचं ठीक आहे ना.

मी गप्प होते, पण आत शांत नव्हते, हे कबूल करते. पहिले दोन दिवस मनात भाषणंच चालू होती. ते परत आले तर काय म्हणायचं, कसं म्हणायचं. पुढे ती आपोआप विझली. मग समोरचं कापड दिसायला लागलं. चादरीबाहेर आलेल्या वीतभर काठात किती दात होते आणि ते एकाच्या तोंडाला दुसरा ठेवावा इतके सारखे होते. यातले कितीतरी दोनदा, तीनदा काढून विणलेले, आणि ते मला माहीत असूनही ओळखू येत नव्हते. एवढी वर्षं मी त्यांच्या हाताकडे बघितलं होतं, कापडाकडे नाही.

दहाव्या की अकराव्या दिवशी ते पाळीवर गेले नाहीत. चप्पल काढली, आपल्या बाजूची चादर घडी करून कपाटात ठेवली आणि खड्ड्यात पाय सोडले. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर बोलले असते. पहिला दात नीट गेला. दुसरा चुकला. मी धोटा ठेवला. त्यांनी बघितलं, सूत काढलं, पुन्हा विणायला घेतलं. तोच दात, पुन्हा चुकला. मी धोटा ठेवला. तिसऱ्यांदाही तेच. या वेळी सूत काढता काढता त्यांचे हात थांबले आणि ते मांडीवर ठेवून बसले.

माझ्या जिभेवर सगळं होतं. राहू द्या, उद्या करू, चहा करू का. दात ओठांवर दाबून मी बसून राहिले. आता ते उठणार, असं वाटलं, आणि उठले तर पुन्हा बसणार नाहीत, हेही. बाहेरून शेजारच्या मागाची खटखट ऐकू येत होती.

“बाई,” ते म्हणाले, “मोज.”

“मी मोजूनच राहिली, मामाजी. मनात.”

“मनात नोको. मोठ्यानं मोज. मले नाही राहत आता ध्यानात.”

आमच्या गल्लीत मोठ्यानं मोजतात ते फक्त नवशिक्या पोरांसाठी, आणि हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दार सताड उघडं होतं. मी उठून ते लोटायला निघाले, तर मामाजींनी हातानंच बस म्हणून सांगितलं.

मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. आवाज जरा जास्तच मोठा निघाला, माहेरचा. चारला शेजारचा माग थांबला. पाच, सहा. तो थांबलेलाच होता. मामाजींनाही ते कळत होतं, पण त्यांची मान वर झाली नाही. धोटा इकडून तिकडे जात होता. सात. मग शेजारचा माग पुन्हा सुरू झाला. आठ म्हटलं आणि पुढचा आकडा काही केल्या बाहेर येईना.

ते धोटा हातात धरून थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, “नऊ.”