पहिली पत्रिका पाण्याला

सुरतेत तापीचं पाणी सगळेच पितात, पण त्या पाण्याची ख्यालीखुशाली विचारून मगच घोट घेणारा माणूस अख्ख्या शहरात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा मामेसासरा निघाला. लग्नानंतर पहिल्यांदा सुरतेतल्याच गोडादऱ्याला त्यांच्या घरी जेवायला गेलो. तांब्या तोंडाला लावणार तोच मामा म्हणाले, "जावईबापू, हाई आमना गावनं पानी शे." मला वाटलं, गावाहून कॅन भरून आणलं असेल. कसलं काय! नळाचंच पाणी. मग वरणभात गार होईपर्यंत कथा ऐकली. मामांचं गाव नवापूरच्या बाजूचं. ते लहान असताना उकाईचं धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. तेच पाणी तापीतून खाली येतं, कॉजवेच्या बंधाऱ्यापाशी अडतं आणि सुरतेच्या नळांना येतं. म्हणजे सबंध सुरत मामांच्या गावचं पाणी पिते आणि त्यावर पहारा ठेवणं हे मामांचं काम. पगार नाही, रजा तर नाहीच नाही.

लोक दुसऱ्याच्या घरी जाताना केळी नेतात, मामा खिशात नळाचे वायसर नेतात. ‘या, बसा’ होण्याआधी ते मोरीत शिरून गळका नळ शोधतात. कॉजवेला कुणी नुसता पूल म्हटलं की त्यांचं डोकं फिरतं. एकदा नदीला पाणी चढलं होतं. रिक्षावाला म्हणाला, "काका, कॉजवे बंद छे." मामा भडकलेच! "बंद कसा? पूल म्हणून रजेवर असेल, बंधारा म्हणून कामावर आहे! समुद्राची भरती वर चढते, ते खारं पाणी खाली थोपवायचं आणि गोडं वर राखायचं, म्हणून बांधलाय तो. तुझी रिक्षा जावी म्हणून नाही!" उरलेली वाट आम्ही पायी गेलो.

इथवर हसण्यावारी नेता येत होतं. पण मामांच्या धाकट्या लेकीचं लग्न ठरलं आणि आमचं हसणं थांबलं. व्याही लिंबायतचे, मिलमध्ये सुपरवायझर, शिस्तीचे भारी कडक. साखरपुड्याला ते तोंडाला साबण लावून, डोळे मिटून बेसिनपाशी उभे होते. नळ वाहत होता. मामांनी शांतपणे हात घालून तो बंद केला. व्याही बिचारे आंधळ्यागत चाचपडत राहिले! नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हणे, पोरगी गुणाची आहे म्हणून गप्प बसलो. आणखी एक चाळा दिसला तर हे लग्न होणार नाही." पोरगी दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं. त्या दिवसापासून ती बापाकडे नुसती धास्तावून बघायची.

पत्रिका छापून आल्या आणि आपल्या वाटच्या न्यायला व्याही सकाळीच गोडादऱ्याला आले. मामांचा पत्ता नव्हता. तेवढ्यात फोन वाजला. मामी फोन कायम स्पीकरवर घेतात, त्यांना हजारदा सांगून झालंय. पलीकडून, मामांच्याच फोनवरून, एक खडा आवाज आला, "कॉजवे के पंपहाउस से वॉचमन बोल रहा हूँ. ये चाचा पीने के पानी में कुछ डालने आये थे. पुलिस को बुला रहा हूँ." लेक पांढरीफटक पडली. व्याही उठले, चपला घातल्या आणि मला एवढंच म्हणाले, "चला." आम्ही रिक्षा धरली. लग्न मोडलं, आता मांडववाल्याला काय सांगायचं, हे मी मनात जुळवत होतो.

कॉजवेच्या वरच्या अंगाला, नदीतून शहरासाठी पाणी उपसतात तिथल्या फाटकाशी मामा स्टुलावर बसले होते. मांडीवर नारळ, हळदीच्या अक्षता आणि पत्रिका. चोरून आत शिरले म्हणून नव्हे, तर आल्या आल्या मामांनी रखवालदाराला त्याच्या गळक्या नळावरून झापलं, म्हणून तो पेटला होता. मी हात जोडून त्याला समजावलं. तो जरा निवतोय तोच व्याही पुढे झाले. "हे काय चालवलंय तुम्ही?"

"गावच्या मारुतीला पहिली पत्रिका द्यायची असते ना," मामा खालमानेनं म्हणाले.

"मग देवळात ठेवा. इथे काय आहे?"

"देऊळ पाण्याखालीच राहिलं हो. शिळेतच कोरलेला मारुती, उचलता आला नाही. मोठीच्या लग्नाला धरणापर्यंत जाऊन आलो होतो. आता गुडघे साथ देत नाहीत. म्हटलं, पाणी त्याच्या अंगावरूनच आलंय, इथूनच सांगावं. आत काही टाकणार नव्हतो, व्याहीबुवा. पिण्याचं पाणी आहे, मी टाकीन का? नुसतं वाचून दाखवणार होतो."

रखवालदारालाही ते कळलं असावं. मग त्यानं हातानंच काठावरच्या कठड्याकडे खूण केली.

मामा कठड्याला धरून उभे राहिले. कापडाच्या लूमच्या खडखडाटात आयुष्य काढलेला माणूस, एरवी बोलले की गल्ली ऐकते. पण त्या दिवशी ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ एवढंही धड बाहेर पडेना. आमची सुरत ज्याला वेडा म्हणते त्या माणसाच्या पाठीकडे बघताना मला भडभडून आलं.

व्याही त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. पायांतल्या चपला काढल्या, डोक्यावर रुमाल टाकला.

"मोठ्यानं वाचा, व्याही," ते म्हणाले. "गाव लांब आहे तुमचं."